छोट्या घरात व्यायामाची जागा: आधी जमीन मोकळी, मग सामान

सांजवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

घरी व्यायाम करायचा म्हटलं की चर्चा लगेच सामानावर जाते. डंबेल कुठले, ताणायचे रबरी बँड घ्यावे की केटलबेल (वर मूठ असलेला वजनाचा गोळा), घडीची सायकल टिकते का. माझं म्हणणं जरा वेगळं आहे आणि तेच मांडायला हा धागा काढते आहे. लहान घरात सगळ्यात दुर्मिळ वस्तू म्हणजे मोकळी जमीन. एक माणूस आडवा होऊन हातपाय पसरेल एवढा तुकडा रोज विनासायास मिळाला, तर व्यायाम होतो. त्यासाठी आधी टीपॉय सरकवा, खुर्च्या उचला, कपड्यांचा स्टँड आत न्या असं असेल, तर कितीही उत्तम सामान आणा, ते शेवटी पलंगाखाली जातं.

आम्ही दोन खोल्यांत चौघं राहतो: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. वेगळ्या खोलीचा प्रश्नच नाही. बाहेरच्या खोलीत खिडकी आणि पलंग यांच्यामध्ये एक पट्टा आहे. तिथे काहीही ठेवायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दप्तर नाही, धुतलेले कपडे नाहीत, कुणाची बॅगही नाही. एवढं ठरलं आणि पुढचं सगळं सोपं झालं.

मोजमाप कसं करायचं ते सविस्तर लिहिते, कारण इथेच गडबड होते. नेहमीची मॅट साधारण १८० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असते. पण मॅट मावली म्हणजे जागा झाली असं नाही. टेप घेऊन बसण्यापेक्षा सरळ जमिनीवर आडवं व्हा आणि दोन्ही हात बाजूला पसरा. पसरलेल्या हातांची लांबी साधारण आपल्या उंचीइतकी असते, त्यामुळे मॅटच्या दोन्ही बाजूंना बरीच जागा लागते. मग उठून उभं राहा आणि पुन्हा पसरा. पट्टा पलंगाला लागून असेल तर उभ्याने पलंग आड येत नाही, हात त्याच्या वरून जातो. आडवं पडल्यावर मात्र कोपर पलंगाच्या पाटीवर आदळतं. म्हणून उभ्याचे आणि आडव्याचे व्यायाम वेगवेगळे मोजायचे. त्यानंतर एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाका, तसंच मागेही करून बघा. चवड्यांवर उभं राहून हात पूर्ण वर न्या. डोक्यावर पंखा किंवा दिवा असेल तर हातातल्या वजनाची उंचीही त्यात धरा. आणि शेवटी दाराचा पल्ला बघा. दार आतल्या बाजूला उघडत असेल आणि तुमचं डोकं त्याच्या फिरण्याच्या वाटेत येत असेल, तर दिशा बदला. घरातलं माणूस तुम्ही जमिनीवर आहात हे न कळता दार ढकलू शकतं.

आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. त्याआधीच्या २०१० च्या सूचनांत सलग किमान १० मिनिटं केलं तरच मोजायचं अशी अट होती, ती २०२० मध्ये काढली. लहान घरात राहणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. पट्टा कायम मोकळा असेल तर दोन कामांच्या मध्ये बैठकांचा एक फेरा होतो, आणि तोही जमेस धरला जातो.

तुम्ही जागा कशी काढलीत, खालच्या मजल्याला त्रास होऊ नये म्हणून काय करता, ओढण्याच्या व्यायामांचं काय करता, घरात ज्येष्ठ माणसं असतील तर काय, हे सगळं लिहा.

जिना

चांगला विषय काढलात. मी चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणून आवाजाबद्दल लिहितो.

आवाज दोन वाटांनी जातो. गाणी, व्हिडिओतल्या शिक्षकाचं बोलणं हे हवेतून जातं. दार लावलं, हेडफोन घातले की प्रश्न मिटतो. उडी मारल्याचा दणका मात्र थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि तिथून भिंतींमध्ये. पातळ मॅटने वरवरची टकटक कमी होते, खोल 'धप्' तशीच राहते, कारण कमी वारंवारतेचा आवाज अडवायला जाड, लवचीक थर आणि त्यावर वजनदार फळी असं काहीतरी लागतं. खाली रबर, मध्ये जाड प्लायवूड, वर पुन्हा रबर असं केलं तर फरक पडतो. पण तेवढी उंची आणि तेवढा पसारा प्रत्येक घराला झेपत नाही. त्यापेक्षा व्यायाम बदलणं सोपं.

मी काय केलं ते सांगतो. खालच्या काकांकडे गेलो आणि म्हटलं, "काका, मी वर व्यायाम करतो. तुम्हाला इथे नेमकं काय ऐकू येतं ते एकदा बघू या का?" काका खूश झाले. मी त्यांच्या खोलीत उभा राहिलो, आणि माझा भाऊ वर एकेक प्रकार करत होता, फोनवर नाव सांगून. जंपिंग जॅक्स (पाय फाकवत, हात वर नेत मारायच्या उड्या) ऐकू येणार हे माहीतच होतं. पण बैठका, जोर, प्लँक (कोपरं टेकून अंग सरळ धरून ठेवणं) यांचा काही म्हणता काही आवाज नव्हता. आणि सगळ्यात मोठा दणका कशाचा, तर डंबेल खाली ठेवल्याचा! मॅटवर, अगदी हळू ठेवूनही. त्याच्या खालोखाल खुर्ची सरकवल्याचा. काका म्हणाले, "अरे, हाच तो आवाज. मला वाटायचं तुम्ही कपाट हलवता."

तेव्हापासून डंबेल ठेवायच्या जागी जुनी गोधडी चार पदरी घडी करून टाकतो आणि खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावल्यात. उड्यांच्या जागी हे करतो: जॅक्सऐवजी एकेक पाय बाजूला टाकत हात वर, बर्पीत (बैठक, जोर आणि उडी यांचा जोडप्रकार) उडी न मारता एकेक पाय मागे आणि तसाच पुढे, जागच्या जागी धावण्याऐवजी गुडघे उंच उचलून चवड्यावर हलकं पाऊल. बैठक तीन सेकंदांत खाली, तळाशी एक सेकंद थांबून मग वर. असं सावकाश केलं की उडी न मारताही दम लागतो.

ही चाचणी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. तासभर जातो, पण शेजाऱ्यांशी बोलणं होतं आणि अंदाजावर चालायची वेळ येत नाही.

कोपरा

वाचते आहे. जिना, डंबेल ठेवण्याचा मुद्दा फारच उपयोगी.

माझा प्रश्न: एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या फरशा मिळतात, रंगीत, मुलांच्या खोलीत असतात तशा. त्या व्यायामाला चालतील का? घर भाड्याचं आहे, खाली व्हिनाइलचं फ्लोअरिंग आहे.

पोलादी

@कोपरा, कशासाठी वापरणार त्यावर आहे. त्या फरशा ईव्हीए नावाच्या मऊ प्लॅस्टिक फोमच्या असतात. आडव्याने करायचे व्यायाम, गुडघ्यावर टेकून करायचे प्रकार, स्ट्रेचिंग यांना उत्तम. हाडं दुखत नाहीत. पण उभ्याने वजन उचलायचं असेल तर पायाखाली दबतात, घोटा डगमगतो. एका पायावर तोल सांभाळताना तर जाणवतंच. जड डंबेल त्यावर ठेवून दिलं की खड्डा पडतो आणि तो भरून येत नाही.

वजनांसाठी घट्ट रबराची मॅट बरी, ८ ते १० मिलिमीटर. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नव्या रबराला वास येतो, काही दिवस हवेशीर जागी पसरून ठेवा. दुसरी तुमच्यासाठी महत्त्वाची: व्हिनाइलवर रबर बराच काळ पडून राहिलं तर पिवळसर-तपकिरी डाग पडू शकतो, तो पुसून जात नाही. भाड्याच्या घरात मध्ये एक जाड सुती चादर घाला किंवा मॅट रोज उचलून ठेवा.

स्लॅबच्या ताकदीबद्दलही लोक विचारतात म्हणून लिहितो. राहत्या घराच्या स्लॅबची रचना बहुतेक संहितांनुसार दर चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो वापरातला भार धरून होते. एक माणूस, दोन डंबेल आणि एक बाक यांनी सुस्थितीतल्या स्लॅबला काही होत नाही. बिघडतं ते आपटण्याने: फरशी तडकते, प्लॅस्टर हलतं, शेजारी जागे होतात. वजन खाली सोडून देण्याचे प्रकार घरात नकोतच. इमारत जुनी असेल किंवा स्लॅबला तडे, गंजलेल्या सळया दिसत असतील तर मात्र स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय जड काही आणू नका.

सांजवारा यांच्या मुद्द्याला अनुमोदन, पण सामानाचं महत्त्व इतकंही कमी करू नये. वजन बदलता येणारी डंबेलची एक जोडी दहा-बारा जोड्यांचं काम करते आणि बुटांच्या खोक्याएवढ्या जागेत राहते. पायांची आणि पाठीची ताकद वाढत राहायला कधीतरी वजन लागतंच.

सांजवारा

पोलादी, पटलं. वजनाला विरोध नाहीच, क्रमाला आहे. निदान महिना-दोन महिने मोकळ्या पट्ट्यावर नुसत्या अंगाच्या वजनावर व्यायाम झाला, की नेमकी कशाची उणीव आहे ते आपलं आपल्याला कळतं. मग तेवढंच आणायचं.

आणि अंगाचं वजनही बरंच कमीजास्त करता येतं. जोर मारताना हातांवर साधारण शरीराच्या वजनाचा ६४ टक्के भार येतो, गुडघे टेकले तर ४९ टक्क्यांच्या आसपास. हात ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवले की ४१ टक्के, आणि तेवढ्याच उंचीवर पाय ठेवले की ७४. म्हणजे पलंगाची कड, जमीन आणि एक भक्कम खुर्ची एवढ्यावर जोरांच्या चार पायऱ्या मिळतात. मी पलंगाच्या कडेवर हात टेकून सुरुवात केली आणि पुढे जमिनीवर आले. माझी मुलगी अजून भिंतीला हात लावून करते, तेही चांगलंच.

पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरल्या तर लिटरला बरोबर एक किलो. वाढवायला सोपं आणि काम झालं की ओतून टाकता येतं.

रानवाट

मीही भाडेकरू. भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, त्यामुळे ओढण्याच्या व्यायामांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. ढकलणं जमिनीवर होतं, ओढायला काहीतरी धरायला लागतं. आणि दिवसभर पडद्यासमोर वाकून बसणाऱ्यांना खरी गरज असते ती ओढण्याचीच.

दाराच्या चौकटीत बसवायचे बार दोन जातीचे. एक चौकटीच्या वरच्या पट्टीवर टेकतो आणि तरफेसारखा अडकतो. त्याला वर भक्कम, बाहेर आलेली पट्टी हवी. चौकट भिंतीच्या पातळीत असेल तर तो बसतच नाही. दुसरा दोन बाजूंना ताणून बसवायचा, नुसत्या घर्षणावर टिकणारा. चौकट पोकळ किंवा पातळ असेल तर तो घसरतो. कुठलाही असो, पहिल्यांदा पाय जमिनीवर ठेवून अर्धंच वजन टाका, आणि दर वेळी लटकण्याआधी हाताने जोरात ओढून बघा. झोके घ्यायचे नाहीत.

माझ्या चौकटीला दोन्ही चालले नाहीत, म्हणून बँड आणि दाराचा अँकर वापरते. नायलॉनच्या पट्ट्याला एका टोकाला फोमचा गोळा असतो; तो दाराच्या पलीकडे ठेवून दार बंद करायचं, अलीकडे पट्ट्याचा फासा राहतो, त्यात बँड ओवायचा. इथे दिशा फार महत्त्वाची आहे. तुम्ही ओढाल तेव्हा दार आणखी घट्ट बंद व्हायला हवं. म्हणजे दार ज्या बाजूला उघडतं, त्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहायचं. उलट बाजूला उभं राहिलात तर सगळा भार एकट्या लॅचवर येतो, आणि लॅच सुटलं की दार आणि अँकर दोन्ही तोंडावर. शिवाय कुलूप लावा आणि घरातल्यांना सांगून ठेवा. बिजागरीच्या बाजूने अडकवलेला अँकर जास्त भक्कम बसतो.

बँड नसेल तर चादरीच्या एका टोकाला मोठी गाठ मारा, ती दाराच्या वरून पलीकडे टाका, दार लावा, आणि चादरीला धरून मागे झुकून स्वतःला ओढा. दिशेचा नियम तोच. पाय दाराच्या जवळ नेले की कठीण, लांब ठेवले की सोपं.

बँड लॅटेक्सचे असतील तर उन्हाने, उष्णतेने आणि तेलाने खराब होतात. खिडकीत लटकवू नका. वापरण्याआधी ताणून बघा. बारीक चिरा, पांढरट रेषा दिसल्या की फेकून द्या. तुटलेला बँड डोळ्यावर बसतो. बाल्कनीच्या कठड्याला तर बँड कधीच अडकवू नये, तो कठडा ओढ सहन करायला केलेला नसतो.

पाऊलखूण

सगळे प्रतिसाद वाचले. पण मला सांजवारांच्या मूळ मुद्द्याशी थोडं भांडायचं आहे. कायम मोकळा पट्टा ठेवणं ही ज्यांच्याकडे दोन खोल्या आहेत त्यांची गोष्ट. आम्ही तिघी मैत्रिणी एका खोलीत राहतो. रात्री तीन गाद्या पडल्या की जमीन संपली. कायम मोकळं काही ठेवायचं तर कुणीतरी उभ्याने झोपायला हवं.

आमच्याकडे जागा नाही, वेळ ठरलेली आहे. सकाळी गाद्या गुंडाळल्यापासून टेबल उघडेपर्यंत खोली रिकामी असते. त्या वेळात आलटून पालटून. गाद्या गुंडाळणं हाच वॉर्मअप म्हणा हवं तर, कारण ते रोज करायचंच असतं आणि त्यामुळे व्यायामासाठी वेगळी आवराआवर नसते. सगळं सामान एका झिपच्या पिशवीत: तीन बँड, अँकर, उडीची दोरी (ती गच्चीवर), एक नॅपकिन. मॅट दाराच्या मागे उभी. पिशवी खुंटीवर, खोलीत शिरल्या शिरल्या नजरेला पडेल अशी. तीच पिशवी कपाटात गेली तेव्हा तिला कुणी हातही लावला नाही.

सांजवारा

पाऊलखूण, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि लिहिलंत ते फार बरं झालं. तुमच्या खोलीत वेळ मोकळा केलात, आमच्याकडे पट्टा. दोन्हीकडे व्यायामापुरती वेगळी मांडामांड उरली नाही, आणि मला तेवढंच हवं होतं. माझी स्वतःची रेघ अशी: मनात आल्यापासून पहिली बैठक मारेपर्यंत एक मिनिट. त्याहून जास्त लागत असेल तर घरातलं काहीतरी हलवायला हवं.

नजरेला पडण्याबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त घरात लहान मूल असेल तर डंबेल नजरेला पडू देऊ नका. त्याला ते उचलायचंच असतं आणि मग पायाच्या बोटावर येतं. उंच फळीवर तर मुळीच नको, जमिनीवरच, बंद खोक्यात.

अर्धविराम

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरातल्या ज्येष्ठांबद्दल कुणीच अजून लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

६५ वर्षांवरच्या लोकांसाठी वर दिलेल्या सूचनांशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम सांगितला आहे. त्यांना मोकळा पट्टा नको असतो, त्यांना धरायला काहीतरी हवं असतं. लहान घर इथे चक्क सोयीचं ठरतं. दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा घ्या. आजीला पाठ कोपऱ्याकडे करून उभं करा आणि समोर एक जड, न सरकणारी खुर्ची, पाठ तिच्याकडे. तोल गेला तर मागे आणि बाजूला भिंत, पुढे खुर्चीची पाठ. तिथे एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल जोडून उभं राहणं हे सगळं निर्धास्त होतं.

दुसरा व्यायाम खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, चाकांची नको, फार मऊ नको. उठता येत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी घालून उंची वाढवा आणि ताकद येईल तशी कमी करा.

ज्येष्ठांना जाड, मऊ मॅटवर उभं करू नका. पाय रुततो आणि मॅटच्या कडेला अडखळायला होतं. अनवाणी किंवा घट्ट बसणाऱ्या बुटात, कोरड्या जमिनीवर. नुसते मोजे घालून नको. आणि त्या कोपऱ्यात उजेड भरपूर हवा. सायंकाळी दिवा लावून मगच.

छातीत दुखणं, चक्कर येणं, दम लागून बोलता न येणं, यांपैकी काही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना भेटा. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधीच विचारा. जोर लावताना श्वास रोखून धरू नका, हे तरुणांनाही सांगते. श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो.

सांजवारा ताई, सासूबाईंना पट्ट्यात बोलवा की, पलंगाची कड धरायला आहेच.

केशरी_ढग

छान माहिती मिळते आहे. आमच्याकडे घडी होणारी ट्रेडमिल घ्यायचं घाटतं आहे. घडी केली की पलंगाखाली जाते म्हणतात. कुणाला अनुभव?

पोलादी

@केशरी_ढग, घडी केल्यावर किती जागा घेते ते दुकानदार सांगतो. उघडल्यावर किती लागते ते तुम्ही मोजा. बऱ्याच ट्रेडमिलच्या पुस्तिकेत यंत्राच्या मागे साधारण २ मीटर मोकळी जागा ठेवायला सांगितलेली असते. कारण माणूस पडला की पट्टा त्याला मागे फेकतो, आणि मागे भिंत असेल तर माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यामध्ये अडकतो. म्हणजे यंत्राची लांबी आणि वर दोन मीटर. छोट्या खोलीत हे गणित सहसा जमत नाही. जमत असेल तर यंत्राचं तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे करा, उलट नको.

लहान मूल असेल तर सेफ्टी की (जी नसेल तर यंत्र सुरू होत नाही) काढून वेगळीच ठेवा. फिरत्या पट्ट्यात हात जाऊन मुलांना गंभीर इजा होतात. शिवाय खालच्या मजल्याला पावलांचे दणके जातातच, जिनांची चाचणी आधी करा.

चालायला बाहेर जाणं शक्य असेल तर बाहेर जा. घरात ताकदीचं करा. ज्याला घराबाहेर पडताच येत नाही त्याची गोष्ट वेगळी.

रानवाट

हवेबद्दल राहून गेलं होतं. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, जोरकस व्यायामात ती अनेक पटींनी वाढते. स्नायू वापरतात त्या ऊर्जेपैकी बराच मोठा भाग, साधारण तीन चतुर्थांश, उष्णता होऊन बाहेर पडतो. बंद छोट्या खोलीत अर्ध्या तासात काच धूसर होते ती श्वासातल्या आणि घामाच्या वाफेमुळे. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा एक खिडकी आणि एक दार उघडं ठेवा, व्यायाम संपल्यावरही थोडा वेळ. पंखा थेट अंगावर असला तर घाम वाळतो आणि शरीर थंड राहतं.

मॅट ओली असताना गुंडाळू नका. पुसा, उलटी टांगा, सुकली की गुंडाळा. नाहीतर कुबट वास आणि मग बुरशी. छोट्या घरात तो वास सगळीकडे होतो आणि घरचे वैतागतात, हे कारणही व्यायाम बंद पडायला पुरतं.

जिना

@पाऊलखूण, उडीची दोरी गच्चीवर नेता हे उत्तम. ज्यांना गच्ची नाही त्यांच्यासाठी: दोरीशिवाय मुठी फिरवत, चवड्यावर अगदी कागद सरकेल इतकंच उचलायचं. खालच्या काकांना विचारलं, ऐकू येत नाही म्हणाले.

आणि आरशाबद्दल कुणी विचारेल त्याआधी: मोठा आरसा लावायला भिंत नसेल तर फोन पुस्तकांच्या ढिगावर टेकवून बाजूने चित्रण करा. पाठीचा बाक आणि गुडघा कुठे जातो हे समोरच्या आरशापेक्षा बाजूने जास्त नीट कळतं. बघून झालं की पुसून टाका.

कोपरा

सगळ्यांचे आभार. आज जमिनीवर आडवी होऊन मोजलं. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या कायमच्या बाहेर काढल्या तर पट्टा होतो आहे. त्या खुर्च्यांवर कुणी बसत नव्हतंच, कपडे बसत होते. फोमच्या चार फरशा आडव्याच्या व्यायामांपुरत्या, खाली चादर.

एक अडचण: माझं दार खोलीच्या आत, माझ्याकडेच उघडतं. मग रानवाट म्हणतात तसा अँकर कसा लावू?

रानवाट

@कोपरा, मग त्या दारापाशी खोलीच्या आतून ओढू नका. दाराच्या बाहेर पॅसेज असेल तर तिथे उभं राहा, फोमचा गोळा खोलीच्या आत राहील; तुमच्या ओढण्याने दार चौकटीला आणखी टेकेल. पॅसेज नसेल तर घरातली इतर दारं बघा, बाथरूमचं दार बऱ्याचदा उलट्या बाजूला उघडतं. तेही नसेल तर दार सोडून द्या. जमिनीवर पाय लांब करून बसा, बँड तळपायांच्या मध्यभागी अडकवा, चवडे आपल्याकडे ओढून घ्या म्हणजे तो निसटत नाही, आणि कोपरं मागे नेत ओढा. पाठ ताठ, खांदे कानांपासून लांब. तुमच्या चार फरशांवर हे आरामात होईल.